पाठीमागून हाक

कालव्याच्या पुलावर कांडीवाली थांबली. चप्पल काढून तिनं उलटी आपटली, आत बोट फिरवून बघितलं आणि म्हणाली, "खडा तर नाहीये. मग टोचतंय काय?"

"खिळा वर आलाय," मी मागून म्हटलं.

तिनं उत्तर दिलं नाही. त्या दिवशी सकाळपर्यंत मी म्हटलं असतं, लक्ष नव्हतं तिचं. आता तसं म्हणता येईना. मी वळसा घालून तिच्या समोर गेले आणि पुन्हा सांगितलं, "खिळा वर आलाय."

"मग तसं सांग की. कधीची शोधतेय मी."

तिनं कठड्याच्या दगडावर चप्पल ठेवून दुसऱ्या दगडानं खिळा ठोकला आणि आम्ही पुढे निघालो. कानाच्या दवाखान्यापासून आमच्या गिरणीच्या वस्तीपर्यंतचा रस्ता मोठे नळ घालायला खणून ठेवला होता. बस बंद होती. सकाळी कुणाच्या तरी टेम्पोत बसून गेलो, येताना पायी. आम्ही म्हणजे मी, कांडीवाली आणि तिची पाच वर्षांची मुलगी.

मुलीला सगळी वस्ती भिंगरी म्हणते, कारण ती सारखी वळत असते. एक जण बोलायला लागला की गर्रकन त्याच्याकडे, दुसऱ्यानं तोंड उघडलं की तिकडे. चार माणसं गप्पा मारत बसली की ही मधोमध उभी राहून फिरते. सगळ्यांना त्याचं कौतुक. ती माणसांची तोंडं बघत फिरते, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

कांडीवाली हे काही नाव नव्हे, काम आहे. मागावर जो धोटा इकडून तिकडे पळतो, त्याच्या पोटात सुताची छोटी नळी बसवतात, ती कांडी. धोटा पळतो तसं सूत सुटत जातं. एक संपली की दुसरी तयार लागते. या रिकाम्या कांड्या भरायच्या यंत्रावर ही उभी असते. लग्न होऊन आली तेव्हा तिची सासू त्याच यंत्रावर होती. सुनेला स्वयंपाकघर दाखवायच्या आधी तिनं यंत्र दाखवलं, असं वस्तीत अजून सांगतात. सासू म्हणते, साफ खोटं आहे, आधी पाणी दिलं होतं.

सासूनं तिला यंत्राच्या आधी शिकवलं ते बोलणं. मागखात्यात माग सुरू झाले की शेजारच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी पोचत नाही. म्हणून तिथं सगळे ओठांनी आणि हातांनी बोलतात. दोन बोटं कात्रीसारखी उघडली की धागा तुटला. अंगठा ओठाला लावला की चहा. पोटावरून हवेत मोठा गोल काढला की मुकादम येतोय. ओठ मात्र नीट, सावकाश हलवायचे. कांडीवाली यात इतकी तरबेज झाली की खात्याच्या या टोकाला उभी राहून त्या टोकाला माग चालवणाऱ्या नवऱ्याशी भांडायची. मध्येच मुकादम आडवा आला की "थांब" अशी खूण, आणि तो गेला की भांडण जिथं राहिलं तिथून पुढे.

मी त्याच गिरणीत आहे, पण कापड तपासायच्या खोलीत. काचेच्या टेबलाखाली दिवा असतो, वरून कापड सरकत जातं, दोष दिसला की खडूनं खूण करायची. दोन दारं लावली की मागांचा आवाज नुसता टेबलातून हाताला लागतो. माझे कान चांगले राहिले यात माझं काही नाही. देवानं जागा तशी दिली.

तिचं घर माझ्या घराला लागून. नवीन माणसाला तिथं दोनच गोष्टी वाटतात. एक तर भांडण चाललंय, नाहीतर घरात कुणी बोलतच नाही. कारण बोलले की शेजारी माग चालू असल्यासारखे ओरडून बोलतात, नाहीतर हातांनी. आमच्या घरांना खाली लाकडी फळ्या आहेत. कुणाला बोलवायचं असलं की ती माणसं टाच आपटतात. फळी हलते, समोरचा बघतो, मग हात.

भिंगरी पाळण्यात होती तेव्हापासून हेच बघत वाढली. टाच आपटली की मान वर. हात हलला की जवळ. बोलायला तिला उशीर लागला तेव्हा आजी म्हणाली, "हिच्या बापालाही लागला होता. आता बघा, गप्प बसवावा लागतो."

सर्दी मात्र पोरीची पाठ सोडत नव्हती. नाक वाहायचं थांबलं की चोंदायचं. तोंड उघडं टाकून झोपायची, घोरायची. आणि एक दिवस तिनं आईला आपला कान दाखवून सांगितलं, "कापूस आहे."

दुसऱ्या घरात या बोलण्याचं काय झालं असतं कोण जाणे. या घरात सगळ्यांनी ते जसंच्या तसं घेतलं. सुताची बारीक तूस यांच्या केसांत, भुवयांवर, जेवणाच्या डब्यावर असतेच. बापानं बॅटरी लावून कानात बघितलं. काही दिसलं नाही. म्हणजे आत गेला, असं ठरलं. कांडीवालीनं सगळा दोष स्वतःकडे घेतला. माझ्या अंगावरनं गेला कापूस, असं ती ज्याला त्याला सांगायची. त्यानंतर कामावरून आली की दाराबाहेरच कपडे झटकायची, मागच्या नळावर केस धुवायची आणि मगच मुलीला हात लावायची. भिंगरी दारात दोन्ही हात पसरून उभी आणि ही ओल्या केसांनी लांबून खूण करतेय, थांब, थांब. हे मी पुष्कळदा बघितलं आहे.

सासूनं तेल कोमट करून आणलं. "कापूस भिजेल आणि वर येईल."

"भिजेल आणि फुगेल," नवरा म्हणाला.

"तू माग चालवतोस. कापूस मला शिकवू नकोस."

त्या घरात कापसाची माहिती सगळ्यांनाच फार. तेल घातलंच. कापूस आला नाही, उशीची खोळ मात्र खराब झाली.

पुढे बालवाडीच्या बाईंचा निरोप आला. मुलगी हुशार आहे, पण हट्टी आहे. मी फळ्याकडे वळून काही सांगितलं की ही ढिम्म बसून राहते. कांडीवालीनं मुलीला समोर उभं केलं आणि हातवारे करून चांगलं झापलं. मुलीनं सगळं निमूटपणे ऐकलं, मान हलवली, डोळे पुसले.

"बघ," कांडीवाली मला म्हणाली, "सगळं कळतंय हिला. नुसता माज आहे."

कानाच्या डॉक्टरांचं नावही शेवटी त्या बाईंनीच दिलं. डॉक्टर शांत माणूस. त्यांनी कानात दिवा घालून बघितलं, मग रबरी बूच लावून यंत्रानं बघितलं, आणि कागदावर चित्र काढून समजावलं. नाकाच्या मागून कानात हवा नेणारी एक बारीक नळी असते. सारख्या सर्दीनं ती सुजली आहे. हवा जात नाही, म्हणून पडद्याच्या मागे पाणी साठलंय, आणि ते आता खळीसारखं चिकट झालंय. खळ म्हटल्यावर सोबत आलेल्या नवऱ्याला लगेच कळलं. सुताला लावतात तीच.

"कापूस नाहीये," डॉक्टर म्हणाले, "पण मुलगी खोटं बोलत नव्हती. कापूस घातल्यासारखंच वाटत असणार तिला."

मग त्यांनी विचारलं, "घरी ऐकू येतं का तिला?"

"येतं की," कांडीवाली म्हणाली. "एका हाकेत वळते."

तिनं हे जसं आहे तसं सांगितलं होतं. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. हे पाणी पुष्कळ मुलांचं आपोआप उतरतं, म्हणाले, घरी ऐकत असेल तर घाई नको, थोडं थांबू. तेल नको, पिन नको, काडी नको. मुलीजवळ धूर नको. तिच्याशी जवळून, समोर बसून बोला. पुढच्या खेपेलाही त्यांनी तोच प्रश्न विचारला आणि हिनं तेच उत्तर दिलं. पुन्हा थांबले.

थांबायचं म्हणजे तिनं नुसतं बसून काढलं नाही. नवऱ्याची सिगारेट बाहेरच्या पायरीवर गेली. सासू म्हणाली, इतकी वर्षं याला घराबाहेर काढायला कारण शोधत होते, पोरीनं मिळवून दिलं. नाक शिंकरायचं कसं, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, एका वेळी एक नाकपुडी, आणि हळू. पोर जोर लावायची. मग कांडीवालीनं पाटावर सुताचा हलका पुंजका ठेवला. एक नाकपुडी दाबायची आणि दुसरीतून असं फुंकायचं की पुंजका पाटाच्या कडेपर्यंत सरकला पाहिजे, खाली पडता कामा नये. पडला तर डाव गेला. सकाळी कामावर निघण्याआधी दोघी पाटाशी ओणव्या. रात्रीच्या पाळीहून आलेला नवरा म्हणायचा, "तुमचा धोटा सरकला असेल तर मला झोपू द्या."

एवढं सगळं केलं. मुलगी मात्र बालवाडीत तशीच बसून राहत होती, आणि तिच्याबरोबरची पोरं गाणी म्हणायला लागली होती.

त्या दिवशी तिसरी खेप. नवऱ्याची पाळी होती म्हणून मी सोबत गेले. डॉक्टरांनी यंत्र लावलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि नेहमीचं विचारलं. हिनं नेहमीचं सांगितलं.

"मारून दाखवा बरं हाक," डॉक्टर म्हणाले. "घरी मारता तशी."

मुलगी खेळण्यांच्या टोपलीशी पाठमोरी बसली होती. कांडीवालीनं टाच आपटली. दवाखान्याची जमीन दगडी. काही हललं नाही. मुलगीही नाही. तिनं पुन्हा आपटली, मग पुढे जाऊन मुलीच्या डोळ्यांपुढे हात हलवला. भिंगरी गर्रकन वळली.

"बघा," ती म्हणाली.

भिंतीवर चित्रं होती, मासा, छत्री, चेंडू, घर. डॉक्टरांनी मुलीला आपल्याकडे तोंड करून बसवलं, एक फाईल उचलून स्वतःच्या तोंडापुढे धरली आणि हळू आवाजात म्हणाले, "छत्री दाखव."

भिंगरी फाईलकडे बघत राहिली. ते पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं. ती फाईलच्या कडेनं वाकून त्यांचं तोंड शोधायला लागली.

कांडीवाली माझ्याकडे वाकली. "काय म्हणाले गं?" तिच्या मते ती कुजबुजली. बाहेर बसलेली माणसं आत डोकावली.

"छत्री दाखव म्हणाले."

"कधी?"

डॉक्टरांनी फाईल खाली ठेवली. त्यांनी तिला विचारलं, तुम्ही काम कुठं करता. तिनं सांगितलं. कधीपासून? लग्नापासून. ते पेन ठेवून पुढे सरकले. मग तिच्याकडे नीट तोंड करून, सावकाश म्हणाले, "बाई, तुमचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. तुमच्या घरात मुलगी सगळं ऐकते, पण ते कानानं नाही. आणि मी तुमच्या सांगण्यावर दोनदा थांबलो."

मी ओठातल्या ओठात देवाचं नाव घेत बसले होते, ते तेवढ्यापुरतं थांबलं.

पुढे त्यांनी सांगितलं ते असं. हे पाणी चढतं, उतरतं. डॉक्टर बघणार एका दिवशी, घरच्यांना दिसणार रोजचं. म्हणून आणखी एक महिना. रोज कुणीतरी मुलीच्या पाठीमागून, टाच न आपटता, साध्या हळू आवाजात हाक मारायची. वळायला लागली तर पाणी उतरतंय. नाही वळली तर पडद्याला बारीक छेद देऊन छोटी नळी बसवायची. त्यानंतर मात्र थांबायचं नाही, कारण या वयात जे बोलणं मागे पडतं ते ओढून आणायला फार कष्ट पडतात.

"आणि तुमचेही कान एकदा तपासून घ्या," ते म्हणाले.

"माझे बरे आहेत," कांडीवाली म्हणाली. "लोकच हल्ली हळू बोलतात."

पूल संपल्यावर रस्ता मोकळा होता. एका बाजूला खणलेला चर, दुसऱ्या बाजूला कालवा. भिंगरी पुढे चालली होती, चरातले नळ वाकून बघत. कांडीवालीनं हातातली पिशवी माझ्याकडे दिली आणि म्हणाली, "थांब, बघते." मग तिनं हाक मारली. मुलगी वळली.

"वळली!"

"अगं, कालव्यापलीकडचा माणूसपण वळला."

तिनं पलीकडे बघितलं. तो खरंच बघत होता. ती हसली, मग हसू आवरून म्हणाली, "हळू मारते." तिचे ओठ हलले. हात आपोआप वर आला, तो तिनं दुसऱ्या हातानं धरून खाली ओढला. पुन्हा ओठ हलले. मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "आला का आवाज?"

"नाही."

"आणि आता?"

आता आला होता, पण तो पुन्हा कालव्यापलीकडे गेला होता. मधला आवाज तिच्या गळ्यात नव्हताच. असला तरी तो निघाला की नाही, हे तिला कळत नव्हतं. दोन-चार वेळा तिनं करून बघितलं आणि मग हात पाठीमागे बांधून चालायला लागली. पाठीमागे तिची बोटं चालूच होती. कांडीला गाठ मारताना चालतात तशी.

थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "तू दवाखान्यात पुटपुटत होतीस. देवाला ऐकू जातं का एवढं हळू?"

"त्याच्याशी हळूच बोलायचं असतं."

"मग माझं काही खरं नाही. मी आजवर त्याला ओरडूनच सांगत आले. कंटाळला असेल."

"त्याला सवय असेल. तुझ्या सासूचंही तो ऐकतोच की."

याच्यावर ती मनापासून हसली. आम्ही चालत होतो ती वाट इथं अरुंद होते, चराची माती रस्त्यावर आलेली आहे. मुलगी मधे आली होती, आईच्या पुढे दोन पावलं. मागून सायकल येत होती. सायकलवाल्यानं घंटी वाजवली. पुन्हा वाजवली. मग लावूनच धरली. दोघी रस्त्याच्या मधोमध, सारख्याच चालीनं, सारखीच मान खाली घालून चालल्या होत्या. मी पिशवी टाकली, एका हातानं आईला धरलं, एका हातानं मुलीला, आणि दोघींना कालव्याच्या बाजूला ओढलं. सायकलवाला "बहिऱ्या आहात का?" म्हणत गेला. वाईट मनानं नाही म्हणाला. सगळेच म्हणतात.

कांडीवालीनं त्याचं तोंड बघितलं नव्हतं. पण माझं बघितलं. तिनं काय म्हणाला म्हणून विचारलं नाही. मुलीच्या पायाला लागलेली माती तिनं हातानं झाडली, तिचं नाक पुसलं, एक नाकपुडी दाबून खूण केली. भिंगरीनं शहाण्यासारखं हळू फुंकलं.

तिथून पुढे गिरणीची भिंत लागते. भिंतीच्या आधी एक वळण आहे. त्या वळणापर्यंत मागांचा आवाज मोठ्या पाण्यासारखा लांब असतो, वळण घेतलं की अंगावर येतो, आणि मग कुणी कुणाशी तोंडानं बोलत नाही. कांडीवाली वळणाच्या अलीकडे थांबली. मुलीला भिंतीच्या सावलीत बसायची खूण केली, आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हात तिनं घट्ट बांधून ठेवले होते.

"ताई, एक काम करशील?"

"सांग."

"संध्याकाळी तू आमच्या दारावरूनच जातेस. ही पाठमोरी खेळत असली की एक हाक मार. तुझ्या त्या आवाजात, देवाशी बोलतेस त्याच्या जरा वर. टाच नको, टाळी नको. वळली तर वळली म्हण, नाही वळली तर नाही म्हण. माझं मन राखायला म्हणून वळली म्हणू नकोस. मी दोनदा म्हणून बसलेय, तेवढं पुरे झालं. महिन्यानं डॉक्टर विचारतील, तेव्हा मी तुझ्याकडे बोट दाखवणार."

"मारेन," मी म्हटलं. सावकाश म्हटलं, तिला दिसेल असं.

तिनं मान हलवली. वळणाकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं.

"आणि तिला मारून झाली की एक मलापण मार. मी वळले नाही तर घरात कुणाला सांगू नकोस. माझ्या समोर ये, आणि मला सांग."